निंदण, डवरा आणि तणनाशक



इतिहास म्हटला की आपल्या वऱ्हाडात गाविलगड आणि नरनाळा डोळ्यांपुढे उभे राहतात. निजाम, भोसले आणि इंग्रज यांची नावे निघतात. १८०३ साली अडगावच्या मैदानावर इंग्रज आणि भोसले यांची लढाई झाली, हे शाळेतली मुलेही सांगतात. त्याच अकोट-तेल्हाऱ्याच्या मुलखात १० जून २०१९ रोजी आणखी एक लढाई झाली. तिच्यात तोफा नव्हत्या, मूठमूठ सरकी होती. अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या हाकेवरून हजारावर शेतकरी जमले, आणि सरकारने मान्यता न दिलेले कपाशीचे बियाणे त्यांनी सर्वांदेखत जमिनीत टाकले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याप्रमाणे या गुन्ह्याला तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. हे जमलेल्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी त्याला सविनय कायदेभंग म्हटले. पुढे काही शेतकऱ्यांवर गुन्हेही दाखल झाले.

आता कोणी विचारील, सरकी पेरण्यासाठी तुरुंगाची तयारी कशाला? उत्तर एका शब्दाचे आहे : तण. ही सरकी अशी होती, की तिच्यावर ग्लायफोसेट नावाचे तणनाशक फवारले तरी पऱ्हाटी मरत नाही, भोवतालचे गवत मात्र मरते. या एका गुणासाठी गेली काही वर्षे वऱ्हाडात, आणि वऱ्हाडाबाहेरही, मोठा वाद चालला आहे. एक बाजू म्हणते, हे औषध शेतकऱ्याचा तारणहार आहे. दुसरी म्हणते, हे हळू विष आहे. या वादाचा इतिहास आज आपण पाहू.

'तण खाई धन' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती काळ्या जमिनीच्या माणसाला जितकी पटते, तितकी दुसऱ्या कोणाला क्वचितच पटेल. पूर्णेच्या खोऱ्यातली आपली भारी जमीन पाणी धरून ठेवते. पाऊस लागून राहिला की आठ-आठ दिवस शेतात पाय घालता येत नाही. वाफसा येण्याची वाट बघावी लागते. आपण थांबतो, पण गवत थांबत नाही. कपाशीचे रोप पहिले दोन महिने हळू वाढते आणि नेमके त्याच दिवसांत तण त्याच्या उरावर बसते. त्यातही हराळी, कुंदा आणि लव्हाळा ही मंडळी फार चिवट. वरून कापली तरी खालच्या मुळ्या-गाठींतून पुन्हा उठतात.

आपल्या वाडवडिलांनी यावर तीन उपाय बसवले होते. उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या देऊन जमीन तापू द्यायची. पीक उगवले की दोन ओळींमधून डवरा फिरवायचा. आणि डवरा जिथे पोचत नाही तिथे, म्हणजे रोपाच्या बुडाशी, निंदण करायचे. वखर आणि डवरा हे बैलांचे आणि गड्याचे काम. निंदण हे बायांचे. सकाळी शिदोरी घेऊन निघालेल्या बायांची रांग दिवसभर वाकून पुढे सरकत असते. एका हंगामात तेच शेत दोनदा, कधी तीनदा निंदावे लागते. आपल्या कापसाच्या इतिहासात बाजाराची, रेल्वेची आणि जिनिंगची नोंद सापडते; या वाकलेल्या पाठींची नोंद फार थोडी सापडते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मागोमाग आगगाडी आली. पडीत जमिनी वहिवाटीत आल्या. कापसाखालची जमीन वाढली, तसे निंदणही वाढले. परंतु त्या काळात दोन गोष्टी मुबलक होत्या : बैल आणि माणसे. त्यामुळे तणाचा प्रश्न कष्टाचा होता, पण अडून बसणारा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलत गेले. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. संकरित सरकी महाग, म्हणून ती फुल्या पाडून दूर दूर टोबायची. मधली जागा मोकळी राहिली. रासायनिक खत आले. ते पऱ्हाटीने खाल्ले तसे गवतानेही खाल्ले. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले गाजर गवत पाहता पाहता साऱ्या महाराष्ट्राच्या धुऱ्या-बांधांवर पसरले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. त्याने बोंडअळीचे ओझे काही वर्षे हलके केले, पण तणाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. आणि दरम्यान गोठ्यातले बैल कमी झाले, तरुण मुले शहराकडे गेली, ऐन हंगामात एकाच आठवड्यात सगळ्या गावाला निंदणाऱ्या बाया हव्या झाल्या. शेतकऱ्याच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येऊ लागले : 'पाऊस उघडत नाही, बाया भेटत नाहीत, मंग करावं काय?'

या प्रश्नाला रसायनशास्त्राने दिलेले उत्तर जुनेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस २,४-डी हे तणनाशक बाजारात आले. ग्लायफोसेटचा तण मारण्याचा गुण अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीत जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली ओळखला, आणि १९७४ पासून ते 'राउंडअप' या नावाने विकले जाऊ लागले. त्याची करणी अशी : वनस्पतीला वाढीसाठी काही अमिनो आम्ले लागतात आणि ती ती स्वतःच्या अंगात तयार करते. त्या कारखान्यातली एक किल्ली हे औषध अडकवून ठेवते. पानावर पडलेले औषध खाली मुळापर्यंत उतरते, म्हणून हराळी-लव्हाळ्यासारख्या मुळातून उठणाऱ्या तणांवरही ते चालते. माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरात हा कारखाना नसतो. म्हणून ते इतर औषधांपेक्षा सौम्य आहे, असे त्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. मात्र बाटलीत एकटे ग्लायफोसेट नसते. ते पानाला चिकटावे म्हणून इतर द्रव्येही मिसळलेली असतात, आणि त्यांतली काही डोळ्यांना व कातडीला अधिक जाचक असतात.

अडचण एवढीच, की हे औषध गवत आणि पऱ्हाटी असा भेद करीत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी औषध तेच ठेवले आणि पीक बदलले. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक पिकात घातले, आणि ज्याच्यावर या औषधाची मात्रा चालत नाही असे पीक तयार झाले. अमेरिकेत १९९६ पासून सोयाबीन आणि १९९७ पासून कापूस असा येऊ लागला. आपल्याकडेही अशा कापसाच्या मान्यतेसाठी अर्ज झाला होता. तो २०१६ साली कंपनीने स्वतःच मागे घेतला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे बियाणे भारतात नाहीच. शेतात मात्र ते होते. २०१७ साली गवगवा झाल्यावर केंद्राने समिती नेमली, आणि महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण व आंध्र या राज्यांत मिळून कापसाच्या सुमारे १५ टक्के क्षेत्रावर हा कापूस असल्याचा निष्कर्ष तिने काढला. आपल्या लोकांनी त्याला नावही ठेवले : 'चोर बीटी'.

आणखी एक गंमत पाहा. आपल्या देशात ग्लायफोसेटला जी परवानगी होती, ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. वऱ्हाडात चहा पितात, पिकवीत नाहीत. तरी तालुक्याच्या गावोगावी त्याचे डबे खपत होते. बांधासाठी घेतो म्हणायचे आणि शेतात मारायचे, असा सारा व्यवहार होता. बियाणे चोरीचे आणि औषध दुसऱ्याच कामाचे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता दोन्ही बाजू नीट ऐकू.

शेतकरी संघटनेचे म्हणणे साधे आहे. शरद जोशी यांनी जे तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले, त्यात बियाणे निवडण्याचा हक्क येतो. जगातला शेतकरी जे वापरतो, ते आमच्याच शेतकऱ्याला का नाही? निंदणाचा खर्च परवडत नाही, आणि पैसे असले तरी माणूस मिळत नाही. शिवाय त्यांच्यापाशी एक दाखलाही आहे. २००१ साली गुजरातेत मान्यतेआधीच बीटी कापूस शेतात सापडला. तो उपटण्याचा हुकूम निघाला, शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि पुढच्याच वर्षी बीटीला मान्यता मिळाली. आधी शेतात आणि मग कायद्यात, असा तो क्रम. या बोलण्यात जोर आहे. ज्याचे सारे पीक पंधरा दिवसांच्या पावसात गवताखाली गडप होते, त्याला 'थांबा, अभ्यास चालू आहे' हे सांगणे सोपे नसते.

दुसऱ्या बाजूचा आवाजही वऱ्हाडातूनच निघाला. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा जो विचार मांडला, त्यात जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा हे चार खांब आहेत. जमीन पालापाचोळ्याने किंवा आंतरपिकाने झाकलेली असली, तर तणाला ऊन मिळत नाही, मग विषाची गरजच काय, असा त्यांचा विचार. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या विचाराच्या मंडळींचा आणखी एक आक्षेप आपल्या शेतीच्या रीतीवरून आहे. वऱ्हाडात कपाशीच्या ओळींत तुरीची ओळ असते, मूग-उडीद असतात. घरची डाळ तिथूनच येते. ग्लायफोसेट फवारले की पऱ्हाटी वाचते, पण तूर आणि मूग वाचत नाहीत. म्हणजे हे औषध घ्यायचे तर मिश्र पीक सोडायचे. आणि कपाशी बुडाली, तर त्या वर्षी हाताशी काही नाही.

या दोन्ही बाजूंच्या सभांत जी फारशी बोलली नाही, ती निंदणारी बाई. तिचे गणित वेगळे आहे. निंदण हे काम कंबर मोडणारे आहे, ते सुटले तर तिला दुःख नाही. पण पावसाळ्यातले ते दोन महिने, हेच तिच्या हाती रोख पैसा येण्याचे दिवस. निंदता निंदता ती तरोट्याची, चिवळीची, तांदूळजाची भाजी ओच्यात बांधून आणते, शेळीला चारा आणते. शेतकऱ्याच्या हिशेबात जो 'खर्च' आहे, तोच तिच्या हिशेबात 'मिळकत' आहे. बाया मिळत नाहीत हे खरे, आणि बायांना वर्षभर काम मिळत नाही हेही खरे. ही दोन सत्ये एकाच गावात राहतात.

औषधाच्या धोक्याकडे वळण्यापूर्वी एक घोटाळा दूर केला पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि अंगावर ना मुखपट्टी ना हातमोजे. त्या दुर्घटनेत बोट दाखवले गेले ते कीटकनाशकांकडे, मुख्यतः दोन-दोन औषधांच्या मिश्रणांकडे आणि मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल विषांकडे. सरकारने यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री ६० दिवस थांबवली. ग्लायफोसेट त्यांत नव्हते. पण लोकांच्या मनात 'फवारणी' हा शब्दच त्यानंतर भयाचा झाला, आणि तणनाशकाचा वाद त्या सावलीत वाढला.

मग ग्लायफोसेटचा धोका कोणता? मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'माणसात बहुधा कर्करोगकारक' असा शेरा त्याच्यावर मारला. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तशी शक्यता कमी असल्याचे सांगितले. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ सभेने, अन्नातून पोटात जाणाऱ्या अंशामुळे कर्करोग होण्याची शक्यता दिसत नाही, असा निर्वाळा दिला. सामान्य माणूस गोंधळून जातो. पण यातला फरक आपल्या विहिरीवरून समजतो. कठडा नसलेली विहीर धोक्याची आहे काय? आहे. हा पहिल्या संस्थेचा प्रश्न. त्या वाटेने किती माणसे जातात, दिवसा की रात्री, आणि पडण्याचा संभव किती? हा दुसऱ्यांचा प्रश्न. दोन प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरेही वेगळी. मात्र ताटातल्या भाकरीतून येणारा अंश आणि पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणाऱ्याच्या अंगावर येणारा अंश यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे विसरू नये. विहिरीच्या काठाने रोज जाणारा तो आहे.

या वादात कंपनीची अब्रूही पणाला लागली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पंचांनी, शाळांच्या मैदानांवर हे औषध फवारणाऱ्या एका आजारी कामगाराला २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल दिला. रक्कम पुढे कमी झाली, पण तसे हजारो दावे उभे राहिले. औषध सुरक्षित असल्याचा दाखला म्हणून वर्षानुवर्षे पुढे केलेला २००० सालचा एक आढावा-लेख २०२५ च्या अखेरीस संबंधित नियतकालिकाने मागे घेतला, कारण तो लिहिण्यात कंपनीच्याच माणसांचा हात असल्याचे उघड झाले होते. उलट, युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या औषधाला आणखी दहा वर्षांची मुदतही दिली. तेव्हा 'शास्त्राने सिद्ध झाले' असे जो कोणी एका दमात सांगेल, त्याला दोन्ही पाने वाचायला सांगावीत.

आपल्या देशातल्या सरकारांनी काय केले? तेलंगण आणि आंध्र यांनी २०१८ साली विक्रीवर निर्बंध घातले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंजाबने आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये केरळने बंदी केली. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने आदेश काढला, की ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज कोणी करू नये. हेतू समजण्यासारखा आहे. पण असे परवानाधारक बहुतेक शहरात, गोदामे आणि इमारती सांभाळणारे. कंपन्यांनी त्या आदेशाला न्यायालयात आव्हान दिले.

एक गोष्ट मात्र अशी आहे, की तिच्याबद्दल वाद नाही. एकच औषध वर्षानुवर्षे मारले, तर त्याला न जुमानणारे तण निपजते. ग्लायफोसेटला दाद न देणारे पहिले गवत १९९६ साली ऑस्ट्रेलियात सापडले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कापसाच्या शेतात आपल्या माठ-राजगिऱ्याच्याच कुळातले एक तण असे माजले, की यंत्रांच्या त्या देशात शेतकऱ्यांवर पुन्हा माणसे लावून हाताने निंदण्याची पाळी आली. म्हणजे हे औषध उपयोगी असले तरी त्याचा उपयोग कायमचा नाही. ते जपून, आलटून-पालटून आणि डवऱ्याच्या जोडीने वापरले तरच टिकते.

आता मघाची गोष्ट आठवा : बियाणे चोरीचे आणि औषध दुसऱ्या कामाचे. माझ्या मते वऱ्हाडातल्या या वादाचे मर्म इथे आहे. औषध चांगले की वाईट, हा प्रश्न जिनिव्हात आणि कॅलिफोर्नियात लढला गेला. आपला प्रश्न निराळा होता : काही बिघडले तर जबाबदार कोण? चोर बीटीच्या पाकिटाची पावती नाही. सरकी उगवली नाही तर तक्रार कोठे करणार? तिच्यात बोंडअळीचा गुण आहे की नाही, हे तपासणार कोण? कपाशीवर ग्लायफोसेट किती मारावे, हे विद्यापीठ सांगू शकत नाही, कारण ते मान्यच नाही. मग मात्रा ठरवतो दुकानदार, नाही तर शेजारी. १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, त्याच्या मुळाशी १९५८ साली केरळात विषमिश्रित धान्याने शंभरावर माणसे मेल्याची घटना होती. विष विकणाऱ्याला आणि परवानगी देणाऱ्याला उत्तर द्यावे लागावे, हाच त्या कायद्याचा गाभा. चोरट्या वाटेने आलेल्या औषधाला तो गाभाच राहत नाही. विरोधकांनी केवळ बंदी मागितली आणि समर्थकांनी केवळ मोकळीक. दोघांच्या मधे फवारणारा माणूस उघडा पडला.

म्हणून नवा उपाय कोणताही येवो, त्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. लाभ कोणाला? धोका कोणाच्या अंगावर? आणि चुकल्यास उत्तर कोण देणार? तिन्हींची उत्तरे एकाच माणसाकडे येत असतील, तर तो व्यवहार सरळ. लाभ एकाचा, धोका दुसऱ्याचा आणि उत्तर कोणाचेच नाही, असे असेल तर हात आखडता घ्यावा.

शिक्षक मंडळींना एक विनंती. औषधाच्या डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. रिकाम्या डब्याला मुलांनी हात लावू नये, पण फळ्यावर हा त्रिकोण काढून त्याचे रंग त्यांना जरूर शिकवावेत. घरी वडील पंप पाठीला लावतील, तेव्हा तो रंग त्यांना वाचून दाखवणारे कोणी तरी घरात असेल. वऱ्हाडातल्या मोठ्या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. हे एवढे काम त्याच्यासाठी थांबण्याचे कारण नाही.